ब्रूस ली की मुहम्मद अली? ओट्यावरचा वाद इथे आणतोय

सूरसागरकर
मंडळी, शनिवारी रात्री बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून धागा काढतोय.

माझा भाचा बावीस वर्षांचा. आठ वर्षं कराटे केलंय, गेल्या वर्षापासून मिक्स मार्शल आर्टच्या (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ते) क्लासला जातो. वजन ६४ किलो, अंगावर चरबीचा कण नाही. तो म्हणतो, "मामा, ब्रूस लीने अलीला मिनिटभरात झोपवलं असतं. बॉक्सरकडे दोन हात, आमच्याकडे हात, पाय, कोपर, गुडघा सगळंच."

मला हे पटत नाही. अली १९१ सेंटिमीटर उंच, ऐन भरात ९५ ते १०० किलो. ली १७२ सेंटिमीटरच्या आसपास, वजन साठ-पासष्ट किलो. घरातलं भरलेलं गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचं असतं. म्हणजे लीपेक्षा एक अख्खं सिलिंडर अलीच्या अंगावर जास्त, आणि ते घेऊन तो माणूस पंधरा राउंड नाचायचा! आमचे थोरले मेव्हणे आखाड्यात वाढलेले. ते कोपऱ्यातून म्हणाले, "दोघंही पैलवानाच्या हाताला लागले तर संपले." झालं, रात्रीचे साडेबारा वाजले.

तर प्रश्न असा: नियम नाहीत, पंच नाही. एका बाजूला ६५ किलोचा मुरलेला मार्शल आर्टिस्ट, दुसऱ्या बाजूला १०० किलोचा हेवीवेट बॉक्सर. कोण उभा राहील? सिनेमातलं नको. खऱ्या झालेल्या लढती आणि स्वतःचा अनुभव सांगा.

रोखठोक
बॉक्सर. पुढचा धागा काढा.

काळापट्टा
रोखठोक, एवढी घाई नको. मी कराटेत तिसरा दान (ब्लॅक बेल्टची तिसरी पायरी) आहे आणि पंधरा वर्षं शिकवतोय. बॉक्सर उभा कसा राहतो ते बघा. पुढचा पाय थोडा आत वळलेला, भार बराचसा त्यावर. त्या पायावर कोणी लाथ घातलीये का कधी? त्याच्या खेळात ते बसतच नाही, त्यामुळे लाथ आली की गुडघा उचलून ती नडगीवर कशी घ्यायची हे त्याला शिकवलेलंच नसतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूवर चार सणसणीत लो-किक बसल्या की पाय लाकूड होतो. पाय गेला की ठोसा गेला, कारण ठोशाचं बळ टाचेतून वर येतं, खांद्यातून नाही.

खरी लढत हवीये ना? अली विरुद्ध इनोकी, २६ जून १९७६, तोक्योचं बुडोकान. इनोकी जपानी पैलवान. पंधरा राउंडांत बहुतेक वेळ तो जमिनीवर पाठ टेकून पडलेला आणि तिथून अलीच्या पायांवर लाथा. जगज्जेत्या अलीने पूर्ण लढतीत मोजून सहा ठोसे मारले. निकाल बरोबरी. पण नंतर अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, रुग्णालयात राहावं लागलं.

सूरसागरकर
काळापट्टा, हे भाच्याला दाखवलं. आज रात्री घरात माझं काही खरं नाही.

न्यूजर्सीतला बडोदेकर
इनोकीचं उदाहरण मला अर्धंच पटतं. त्या लढतीचे नियम आधी महिनाभर घासाघीस करून बांधलेले होते. इनोकीला उभ्याने लाथ मारता येणार नाही, एक गुडघा जमिनीवर हवा, असं काहीसं ठरलं होतं असं सांगतात. मग तो पडून लाथा मारणार नाहीतर काय करणार? आणि मुख्य मुद्दा: इनोकी ६५ किलोचा नव्हता. उंचीने अलीच्या बरोबरीचा, अंगाने भरलेला. सूरसागरकरांचा प्रश्न लहान विरुद्ध मोठा असा आहे. इनोकी-अली हा मोठा विरुद्ध मोठा.

त्याच दिवशी इकडे न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये हेवीवेट बॉक्सर चक वेपनरला आंद्रे द जायंटने उचलून रिंगबाहेर टाकलं होतं. पण ती कुस्ती ठरवून केलेल्या जातीची, ती हिशेबात धरू नका.

ड्रॅगनभक्त
सगळे वजनाच्या मागे लागलेत. वेगाचं काय? ली १९५८ मध्ये हाँगकाँगच्या शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत जिंकला होता. बॉक्सिंग त्याला परकं नव्हतं. तलवारबाजीतलं अंतराचं गणित त्याने भावाकडून घेतलं. बळाचा हात पुढे ठेवायचा, म्हणजे त्याला कमी अंतर कापावं लागतं, ही त्याची पद्धत. अलीच्या लढतींच्या फिल्म तो पुन्हा पुन्हा बघायचा. उजवा हात पुढे ठेवून उभं राहिलं तर अलीच्या हालचाली कशा दिसतील हे कळावं म्हणून आरशातून बघायचा असंही सांगतात. ज्याने शत्रूचा इतका अभ्यास केलाय तो हरेल?

रोखठोक
अभ्यास केला म्हणूनच त्याला माहीत होतं. बोलो युंग हा त्याचा मित्र आणि सहकलाकार. त्यानेच सांगितलेली आठवण आहे की लीने स्वतःचा हात दाखवून म्हटलं, माझा हात बघ किती लहान, अली मला मारून टाकेल. लीला जे मान्य होतं ते त्याच्या भक्तांना मान्य नाही.

डावखुरा६४
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो, कारण हे मी अंगावर घेतलंय.

मी चार वर्षं ६४ किलो गटात बॉक्सिंग केलं. एका संध्याकाळी माझ्या वजनाची जोड आली नव्हती, म्हणून कोचनी मला ९२ किलोच्या मुलासमोर उभं केलं. त्याला सांगितलं, "फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा). हलक्या हाताने. याला शिकायचंय." मी त्याच्यापेक्षा चपळ होतो, त्यात शंका नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात दोनदा आत शिरून पोटावर मारून बाहेर आलो. तिसऱ्यांदा माझा आयुष्यातला उत्तम लेफ्ट क्रॉस त्याच्या बरगडीखाली बसला. हाताला जे जाणवलं ते अजून आठवतं. तांदळाच्या गोणीवर मारल्यासारखं. त्याने नुसता श्वास सोडला.

मग त्याचा जॅब. हेडगार्ड होतं, कपाळावर बसला. दुखलं नाही, पण माझ्या दोन्ही टाचा कॅनव्हासवरून उचलल्या गेल्या. टाचा वर असल्या की तुम्ही ठोसा मारू शकत नाही, सरकू शकत नाही, काहीच करू शकत नाही. तेवढ्यात दुसरा. तोही हलका. मी मागे सरतोय हे मला पाठीला दोर लागल्यावर कळलं.

आणि कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे क्लिंच. मी त्याला धरलं, वाटलं जरा दम खाऊ. त्याने हाताचा कोपरापुढचा भाग माझ्या मानेमागे टाकला आणि नुसता रेलला. ९२ किलो. मिनिटभर. दुसऱ्या राउंडनंतर माझे पाय थरथरत होते, स्कूटरला किक मारायला मित्राला सांगावं लागलं. त्या मुलाने मला एकदाही जोरात मारलं नव्हतं. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट काही उगाच पाडलेले नाहीत.

काळापट्टा, तुमच्या लो-किकला मी मानतो. पण ती मारायला तुम्हाला त्याच्या जॅबच्या टप्प्यात यावं लागतं आणि क्षणभर एका पायावर उभं राहावं लागतं. तो क्षण त्याचा.

काळापट्टा
डावखुरा, हे मनापासून लिहिलंय, वाचताना पाठीला दोर जाणवला. एका पायाचा मुद्दा मान्य. पण चांगला लाथ मारणारा समोरून सरळ येत नाही. तो बाहेरच्या बाजूला पाऊल टाकतो, डोकं ठोशाच्या रेषेतून काढतो आणि मग मारतो. तुमच्यासमोर लाथा नव्हत्या. असत्या तर त्या मुलाला तसं रेलून येता आलं नसतं.

न्यूजर्सीतला बडोदेकर
लो-किकचा निकाल ऐका. जून २००९, अलाबामा. रे मर्सर, १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, नंतर व्यावसायिक हेवीवेट विजेता. तोवर अठ्ठेचाळीस वर्षांचा झालेला. समोर टिम सिल्व्हिया, यूएफसी या एमएमए स्पर्धेचा माजी हेवीवेट विजेता, दोन मीटरहून थोडा जास्तच उंच. घंटा झाली, सिल्व्हियाने लो-किक मारली. मर्सरने एक उजवा मारला. ९ सेकंदांत लढत संपली.

रोखठोक
९ सेकंद! मी पहिल्या प्रतिसादातच म्हटलं होतं.

तांबडीमाती
आता म्हाताऱ्याला बोलू द्या. त्या मर्सरची २००७ ची लढतही सांगा की. किम्बो स्लाइस नावाच्या रस्त्यावर लढणाऱ्या माणसाने सव्वा मिनिटाच्या आत त्याची मान काखेत धरून त्याला हार मानायला लावली होती. तोच मर्सर. एकदा गळा समोरच्याच्या हाताला लागला, एकदा नाही लागला. एवढाच फरक.

सूरसागरकर, तुमचे मेव्हणे बरोबर बोलले. माझं आयुष्य मातीत गेलं. ठोसा मारायला अंतर लागतं, हातभर तरी. पैलवान ते अंतरच खाऊन टाकतो. २८ ऑगस्ट २०१०, बोस्टन: जेम्स टोनी, बॉक्सिंगमधलं मोठं नाव, अनेक वजनांत विजेता. समोर रँडी कूटूर, वय ४७, मूळचा कुस्तीगीर. कूटूर हात वर करून भिडलाच नाही. खाली वाकून घोट्याचा एकेरी पट (एकच पाय धरून पाडायचा डाव) काढला. टोनी पडला. पडलेल्या बॉक्सरला काय येतं? पाठीवर झोपून ठोसा मारून बघा, खांदा जमिनीला अडतो. ३ मिनिटं १९ सेकंदांत दंड आणि मान एकत्र आवळून संपवलं.

आणखी मागे जा. डिसेंबर १९६३, सॉल्ट लेक सिटी: जीन लेबेल हा ज्युदोवाला, मायलो सॅव्हेज हा बॉक्सर. बॉक्सरला ज्युदोसारखा अंगरखा घालायला लावला होता. चौथ्या राउंडला गळा आवळून त्याची शुद्ध घालवली. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत आर्ट जिमरसन एका हातात ग्लोव्ह घालून उतरला. रॉयस ग्रेसीने त्याला खाली घेऊन छातीवर बसताच त्याने हार मानली, गळ्याला हात लागायच्याही आत.

त्यामुळे माझं मत: लाथ मारणारा लहान माणूस मोठ्या बॉक्सरसमोर हरेल. पट काढणारा लहान माणूस जिंकू शकतो. पण त्यालाही एकच संधी. पट फसला की वरून हातोडा.

ड्रॅगनभक्त
काका, ग्रेसी तर लहानखुराच होता! म्हणजे लहान जिंकतो हे तुम्हीच सिद्ध केलंत.

तांबडीमाती
बाळा, लहानखुरा म्हणजे ८० किलोच्या आसपासचा. आणि समोरच्याला जमिनीवरचं काही म्हणता काही माहीत नव्हतं. आज प्रत्येक जण पट अडवायला शिकून येतो.

फिजिओताई
दोन गोष्टी वैद्यकीय बाजूने. मी रोज खेळाडूंचे पाय आणि हात बघते.

लो-किकने पाय का जातो: मांडीच्या बाहेरच्या स्नायूवर आघात झाला की तो आतून रक्ताळतो आणि आखडतो. दुसऱ्या दिवशी माणूस गुडघा वाकवून जिना उतरू शकत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या डोक्याशी एक नस अगदी कातडीखालून जाते, स्वतःच्या पायाला हात लावून बघा, तिथे टणक लागतं. तिथे फटका बसला तर पाऊल लटकं पडतं. पण हे व्हायला बहुधा एकापेक्षा जास्त फटके लागतात. जबड्यावरच्या ठोशाला एकच पुरतो, कारण डोकं झटक्यात वळतं आणि मेंदू आत हलतो. म्हणून काळापट्टांचं हत्यार खरं आहे, पण हळू आहे.

दुसरी गोष्ट कुणीच काढली नाही. "नियम नाहीत" म्हटलं की ग्लोव्ह आणि पट्ट्याही नाहीत. करंगळीच्या मागचं हाड ठोशाने मोडणं इतकं नेहमीचं आहे की त्या फ्रॅक्चरचं नावच बॉक्सरवरून पडलंय. माईक टायसनने १९८८ मध्ये हार्लेममध्ये मिच ग्रीनशी रस्त्यावर मारामारी केली तेव्हा स्वतःचा हात मोडून घेतला होता. टायसनचा हात! माझ्याकडे गेल्या महिन्यात एक मुलगा आला होता, भांडणात एकच ठोसा समोरच्याच्या कपाळावर बसला, बोट आत वळून बसलं. सहा आठवडे पट्टी, मग मऊ चेंडू दाबायचा व्यायाम, पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी. उघड्या मुठीचा बॉक्सर ग्लोव्हमधल्या बॉक्सरएवढा बेधडक डोक्यावर मारू शकणार नाही.

डावखुरा६४
ताई, शंभर टक्के. आम्ही हाताला साडेचार मीटर पट्टी गुंडाळतो ती समोरच्यासाठी नाही, स्वतःच्या हाडांसाठी. माझ्याकडून हा मुद्दा राहिला होता.

मोडीवाचक
उघड्या मुठीचा विषय निघाला आणि बडोद्याच्या धाग्यावर वज्रमुष्टीचं नाव अजून नाही, हे बरं नाही. ज्येष्ठीमल्लांची, म्हणजे जेठी पैलवानांची, ही विद्या. एका हाताच्या मुठीत शिंगाचं किंवा धातूचं टोकदार आयुध, दुसरा हात मोकळा, आणि त्याच्या जोडीला कुस्ती. म्हणजे ठोसा की पकड हा तुमचा वाद त्यांनी कधीच एकत्र करून टाकला होता. म्हैसूरच्या दसऱ्यात आजही मुंडण केलेले जेठी उतरतात आणि रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत थांबवतात. आपल्याकडे खंडेराव महाराजांच्या वेळी अशा लढती व्हायच्या. लुई रुसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात इथे आला होता, त्याने त्या डोळ्यांनी बघून लिहून ठेवल्या आहेत.

त्यानेच साठमारीही लिहिलीय. मस्तवाल हत्ती आणि समोर पायी माणूस. लहान विरुद्ध मोठा म्हणाल तर याहून मोठा फरक कुठला? मैदानाच्या भिंतीत जागोजाग अरुंद दारं ठेवलेली. माणूस आत सटकेल, हत्ती शिरणार नाही. साठमार जिवंत राहायचा तो चपळाईने, पण त्या दारांच्या भरवशावर. दार काढून घ्या, मग कितीही चपळ असा. सूरसागरकर "नियम नाहीत" म्हणतात, पण जागा कुठली ते सांगत नाहीत. मोकळं नवलखी मैदान असेल तर लहान माणूस पळत पळत मोठ्याला दमवेल. सहा मीटरच्या दोरांत बंद केलं तर दार कुठे आहे?

सूरसागरकर
वा, मोडीवाचक. जागेचा विचारच केला नव्हता. भाचा म्हणतो मैदान. मी म्हणतो आमचा ओटा.

कमाटीबाग
साठमारी निघालीच आहे तर गामा पैलवानाचा दगडही येऊ द्या. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ठेवलाय, २३ डिसेंबर १९०२ ला गामाने उचलल्याचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. १२०० किलो! रविवारी लेकीला घेऊन गेलो होतो. ती सात वर्षांची, तिने दोन्ही हात लावून ढकललं आणि म्हणाली, "बाबा, हा हलतच नाही." बाराशे किलो खरंच उचलले असतील का?

तांबडीमाती
जमिनीपासून डोक्यावर, असं कुणी समंजस पैलवान म्हणणार नाही. एक कड उचलली असेल, छातीपर्यंत रेटली असेल. माझे वस्ताद म्हणायचे, दगडाने काही कमी होत नाही, गामाची लंडनची कुस्ती बघा. १० सप्टेंबर १९१०, समोर स्टॅनिस्लॉस झिबिस्को, गामापेक्षा कितीतरी अवजड. पहिल्याच झटक्यात गामाने खाली घेतला आणि मग झिबिस्को पोटावर पडून राहिला. अडीच तास! उठेचना. बरोबरी. आठ दिवसांनी पुन्हा ठरलं तर झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्याला पुन्हा जोड लागली आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केला.

बघा, झिबिस्को लंडनमध्ये पोटावर पडला, इनोकी तोक्योत पाठीवर पडला. समोरच्याचं हत्यार चालू द्यायचं नसेल तर जमीन धरायची, ही युक्ती जुनीच.

काळापट्टा
काका, हे दोन्ही कधी एकत्र जोडले नव्हते. लाख बोललात.

रोखठोक
गामाच्या खुराकाचा हिशेब कुणी काढू नका, इथे सगळ्यांना भूक लागेल आणि धागा सेव-उसळीच्या लारीवर जाईल.

कमाटीबाग
आता जातोच आहे. तर्री जास्त.

आर्याची आई
मध्येच विचारते. माझी मुलगी नववीत आहे. तिला तीन वर्षं एका क्लासला घातलं होतं, क्लासचं नाव नको. दर चार महिन्यांनी परीक्षा, फी, नवा पट्टा. ब्राउन बेल्टपर्यंत गेली. मागच्या महिन्यात चुलतभावाने गमतीत तिचं मनगट धरलं तर तिला सोडवता आलं नाही. त्या रात्री ती खूप रडली. मला म्हणाली, "आई, तिथे सगळे हवेतच मारायचे. मला कधी कुणी धरलंच नव्हतं." तीन वर्षं गेली हो तिची. तुमच्या ली-अलीच्या चर्चेत याचं उत्तर आहे का?

डावखुरा६४
ताई, आहे. फरक कराटे आणि बॉक्सिंग असा नाहीच. रोज समोर खराखुरा माणूस असतो का, जो तुम्हाला मारू देत नाही, धरू देत नाही, हा फरक आहे. बॉक्सर, पैलवान, ज्युदोवाले रोज तसं करतात, म्हणून ते टिकतात. वही घेऊन पोहायला शिकत नाहीत.

काळापट्टा
आर्याच्या आई, मी स्वतः कराटे शिकवतो म्हणून हे वाचून वाईट वाटलं. आमच्यात असे क्लास आहेत, झाकण्यात अर्थ नाही. नवा क्लास बघाल तेव्हा एक तास बसून बघा. मुलं एकमेकांना अंग लावून सराव करतायत का? कुणी घामेजलंय का, कुणी पडतंय आणि उठतंय का? पहिल्याच महिन्यात पट्टा देतो म्हणाले तर उठून या.

तांबडीमाती
आर्याला घेऊन सकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात एकदा चक्कर मारा. १८८० पासूनची संस्था, प्रोफेसर माणिकरावांनी वाढवलेली. मल्लखांब बघू द्या तिला. मल्लखांबाने मनगटात जी पकड येते ती कुठल्या पट्ट्याने येत नाही. मग ज्युदो शिको, काहीही शिको.

आर्याची आई
सगळ्यांचे आभार. आर्याला वाचून दाखवलं. "धरलेलं सोडवायचं" एवढंच तिला आधी शिकायचंय म्हणते.

ड्रॅगनभक्त
मूळ विषयाकडे येतो. उलटं उदाहरण देतो. २०२३ च्या ऑक्टोबरात रियाधमध्ये एमएमएवाला फ्रान्सिस एन्गानू बॉक्सिंगच्या नियमांत टायसन फ्युरीसमोर उतरला आणि तिसऱ्या राउंडला फ्युरीला खाली बसवलं! निर्णय फ्युरीकडे गेला, तोही पंचांचं एकमत न होता.

न्यूजर्सीतला बडोदेकर
आणि मार्च २०२४ मध्ये त्याच एन्गानूला अँथनी जोशुआने दुसऱ्या राउंडला असं झोपवलं की बघवलं नाही. मॅकग्रेगरला २०१७ मध्ये मेवेदरने दहाव्या राउंडपर्यंत खेळवून थांबवलं. दुसऱ्याच्या घरात त्याच्या नियमांनी जेवायला बसलं की पहिला घास चांगला लागतो, ताट संपवता येत नाही.

फिजिओताई
एन्गानू हेवीवेटच आहे, बरं का. ६५ किलोचा मुद्दा पुन्हा सुटला.

मोडीवाचक
हेवीवेटवरून आठवलं. आपल्या कौर सिंगांचं नाव कुणी घेत नाही. पंजाबचा लष्करी जवान, जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीसमोर चार राउंडांचा प्रदर्शनी सामना खेळला. १९८२ च्या एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण आणलं. अलीचा जॅब अंगावर घेतलेला आपला माणूस.

सूरसागरकर
मंडळी, धागा वर काढतोय. दहा दिवस झाले, पण मधे काही घडलंय. डावखुरा६४ यांनी खासगी निरोप पाठवून भाच्याला बोलावलं. त्यांच्या ओळखीत ८८ किलोचा एक सरावातला बॉक्सर आहे. हेडगार्ड, माउथगार्ड, नडगीला पॅड, मोठे ग्लोव्ह, तीन राउंड. मी गेलो होतो, काळापट्टाही आले होते, त्यांनीच मधे उभं राहायचं ठरलं. पुढचं भाच्याने स्वतः लिहावं असं मी म्हटलं. त्याने आजच इथे नाव नोंदवलंय.

मामांचा_भाचा
नमस्कार सगळ्यांना. काळापट्टा सर, तांबडीमाती आजोबा, तुमचं सगळं वाचलं होतं.

पहिला राउंड: फक्त हात. पहिला जॅब मला दिसलाच नाही. समोरच्या ८८ किलोच्या दादांचा खांदा हलला नाही, डोळे हलले नाहीत, एकदम ग्लोव्ह मोठा झाला. क्लासमध्ये मी ठोसे चुकवतो, पण तिथे समोरचा माझ्या वजनाचा असतो आणि त्याचा हात इतका लांबून येत नाही. डावखुरादादांनी लिहिलेलं टाचांचं मला खोटं वाटलं होतं. अगदी तसंच होतं.

दुसरा राउंड: मला लाथा मारायला परवानगी, मांडीपर्यंतच. तीन बसल्या. तिसरीला दादांचं तोंड वाकडं झालं, ते मी बघितलं आणि खूश झालो. चौथी मारायला गेलो तेव्हा ते थोडे पुढे आले आणि माझा पाय हवेत असताना डाव्या हाताने नुसतं छातीवर ढकलल्यासारखं केलं. मी बसलो. काळापट्टा सरांनी मोजलं नाही, हात देऊन उठवलं. नंतर दादांनी मला पाय दाखवला, पॅड असूनही मांडी लाल झाली होती. म्हणाले, "अशा दहा बसल्या असत्या तर मी उभा नसतो." पण दहा बसल्या नसत्या. मला माहीत आहे.

तिसरा राउंड: सगळं चालेल, खाली पाडणंही. मी त्यांच्या जॅबखालून वाकून कंबर धरली. आजोबा, तुम्ही म्हणता तसं अंतर खाल्लं. ते मला मारू शकत नव्हते, मी त्यांना पाडू शकत नव्हतो. डोकं त्यांच्या बरगडीला लावून मी ढकलत होतो आणि ते नुसते उभे. मग रेलले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मामा म्हणतात वीस सेकंद. शेवटी माझा उजवा पाय त्यांच्या पायामागे अडकला आणि दोघंही मॅटवर पडलो, ते खाली, मी वर. तेवढ्यात घंटा.

मामांशी वाद होता ली की अली. आता ६४ किलोला मी १०० किलोसमोर उभा राहून मारामारी करणार नाही, हे कबूल. पण खाली पडल्यावर दादा काही करू शकत नव्हते हेही त्यांनी स्वतः कबूल केलं.

आजोबा, घोट्याचा एकेरी पट शिकायचाय. ओठाची सूज उतरली की येऊ का?

तांबडीमाती
ओठ उतरायची वाट कशाला बघतोस? पट पायाने काढायचा असतो. उद्या सकाळी साडेपाचला ये, लंगोट मी देतो. पहिले पंधरा दिवस पट नाही, नुसत्या बैठका आणि माती उकरायची.

डावखुरा६४
आणि संध्याकाळी माझ्याकडे. खांद्याकडे बघतोस, छातीच्या मध्याकडे बघ. तिथे ठोसा आधी दिसतो.

सूरसागरकर
सकाळी पाचला याला उठवायचं काम माझ्यावर आलंय. घड्याळ लावलं आहे.